वेणी उशिरा वळते

भरतनाट्यम शिकत होते तेव्हा गिरकीनंतर सगळ्यांत शेवटी काय थांबतं, ते मला पाठीवर कळायचं. पाय थांबलेले असायचे, हात मुद्रेत पोचलेले असायचे, मान सरळ, नजर समोर. आणि मग क्षणभराने वेणीच्या टोकाचं कुंजलम येऊन कमरेवर आपटायचं. कुंजलम म्हणजे आपले गोंडे. काळ्या रेशमाचे, तीन. माझे केस जेमतेम खांद्यापर्यंत, त्यामुळे वेणीत गंगावन गुंफलेलं आणि त्या सगळ्या लांबीचं ओझं टोकाला. पुढे अ‍ॅनिमेशनच्या कामात आले, संगणकातल्या पात्रांचे केस हलते करणं हाच रोजचा उद्योग झाला, तेव्हा ती थाप पुन्हा पुन्हा आठवायला लागली. डोकं वळतं आणि केसांना ते उशिरा कळतं. मुळाशी आधी, टोकाला सगळ्यांत शेवटी. हा उशीर नेमका किती, कुठे आणि कसा, यावरच आमचं सगळं काम चालतं. संगणकवाल्यांना तो उशीर नीट पकडायला वीस-पंचवीस वर्षं लागली. तंजावरात तो हजार वर्षांपूर्वी धातूत ओतून ठेवलेला आहे.

मराठी माणूस तंजावरला जातो तो बहुधा आपल्या खुणा शोधत. व्यंकोजीराजांची गादी, सरस्वती महालातली मोडी दफ्तरं, बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर कोरलेलं भोसल्यांचं वंशचरित्र. त्या खुणा नाचातही आहेत. आज भरतनाट्यमची मैफल अलारिप्पूने सुरू होऊन तिल्लान्यावर संपते, तो क्रम चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी बसवला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारचे हे कलावंत. राजांनी स्वतः नाचासाठी मराठीत रचना केल्या, त्या ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने आजही वाचायला मिळतात. मी मात्र तंजावरला गेले ती केस बघायला.

राजवाड्यातल्या कलादालनात चोळ काळातले कांस्य नटराज आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की लोक उचललेला पाय बघतात, पायाखालचा अपस्मार नावाचा राक्षस बघतात, प्रभावळ बघतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बघा. जटांच्या सऱ्या कानामागून निघून आडव्या पसरल्या आहेत, जवळजवळ जमिनीला समांतर. टोकाशी किंचित वळलेल्या, मधेमधे फुलं अडकलेली, आणि एका बाजूच्या जटेत हात जोडलेली इवलीशी गंगा. चेहरा शांत आहे, खांदे स्थिर आहेत. हे अंग गरगर फिरतंय याचा मोठा पुरावा या जटाच देतात.

ही मूर्ती आधी मेणात घडते. तंजावर जिल्ह्यातच, कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला स्थपतींची घराणी आजही हे काम करतात. मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र वितळवून त्याचा गोळा करायचा, त्यातून अंग घडवायचं, वर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर द्यायचे, तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. जटेची सरी म्हणजे मेणाची बारीक वळलेली दोरी. ती जिथे प्रभावळीला टेकते तिथे आधारही मिळतो. आधार नसलेल्या नाजूक सऱ्या बऱ्याच जुन्या मूर्तींत तुटून गेलेल्या दिसतात.

मी तिथे उभ्याउभ्या एक ढोबळ हिशेब केला. अर्धा मीटर लांबीचे केस डोक्यावरून सरळ खाली लोंबताहेत आणि डोकं उभ्या अक्षाभोवती फिरू लागलं. गुरुत्व खाली ओढतं, गिरकी बाहेर फेकते. आडव्या रेषेच्या दहा अंश खालपर्यंत केस उचलले जायचे असतील, तर सेकंदाला साधारण दोन गिरक्या हव्यात. केसांची टोकं तेव्हा सेकंदाला सहा मीटरच्या पुढे धावत असतात. म्हणजे जटांचा उठाव शिल्पकाराने उगाच केलेला नाही, तो एका खऱ्या वेगाशी जुळतो. पण खऱ्या गिरकीत आणखी एक गोष्ट घडते. केस हलका आणि हवा आडवी येणारी, त्यामुळे केस बाहेर फेकले जाताना मागेही रेलतात. नटराजाच्या जटा मागे रेललेल्या नाहीत; दोन्हीकडे सारख्या, समोरून बघणाऱ्यासाठी उलगडून ठेवल्या आहेत. गुरुत्वाशी शिल्पकाराने हिशेब केला आणि हवेला बाजूला ठेवलं. हे तो चुकून करत नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. संगणकात केस करणारे लोकही नेमक्या याच निर्णयाला येऊन पोचले, पण त्याआधी त्यांना भौतिकशास्त्र पदरात पाडून घ्यावं लागलं.

तंजावरच्या बाजारात डोलणारी बाहुली मिळते, तलैयाट्टी बोम्मै. नाचणारीचे चार सुटे भाग असतात: पाय, घागरा, धड, डोकं. प्रत्येक भाग खालच्या भागातल्या तारेवर तोललेला. डोक्याला टिचकी मारली की डोकं भराभर थरथरतं, धड त्याहून सावकाश झुलतं आणि घागऱ्याला हादरा सगळ्यांत उशिरा पोचतो. मी एक बाहुली घेऊन आले, ती माझ्या टेबलावर आहे. नव्या मुलांना केसांचं काम शिकवताना मी आधी तिला टिचकी मारायला लावते. चार भागांऐवजी तीस भाग कल्पा, उलटे टांगलेले, एकाखाली एक. संगणकातला एक केस जवळपास असाच असतो: ठिपक्यांची माळ, शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये स्प्रिंग. वरचा ठिपका टाळूला चिकटवलेला. डोकं हललं की पहिली स्प्रिंग ताणते, ती दुसऱ्या ठिपक्याला ओढते, तो तिसऱ्याला. उशीर आपोआप तयार होतो. ठिपके आणि स्प्रिंगा वापरून केस हलवण्याची ही रीत 1991 मध्ये रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

ऐकायला सोपं आहे. बसवायला गेलं की सगळं फुटतं. अक्षरशः फुटतं: एका फ्रेमला केस ठीक असतात, पुढच्या फ्रेमला पडदाभर सुया उडालेल्या. याचं कारण केसाच्या स्वभावातच आहे. एक केस हातात धरून बघा. बोटाच्या हलक्या धक्क्यानेही तो वाकतो, कारण त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण तोच केस दोन्ही टोकांना धरून ओढा, तो दाद देत नाही. निरोगी केस पन्नास ते शंभर ग्रॅम वजन न तुटता पेलतो. जाडी निम्मी केली तर ताणाला विरोध करण्याची ताकद चौपट घटते, वाकायला विरोध करण्याची ताकद मात्र सोळा पट. म्हणून बारीक धागा वाकायला अगदी मऊ आणि ताणायला अगदी कडक, अशी जोडी एकाच वस्तूत बसते.

संगणक वेळ तुकड्यांनी मोजतो. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम. तो आत्ता स्प्रिंग किती ताणली आहे ते बघतो, त्यावरून बल काढतो आणि ठिपक्याला पुढे ढकलतो. स्प्रिंग फार कडक असेल तर त्या एका ढकलण्यात ठिपका योग्य जागेच्या पलीकडे जाऊन पडतो. आता स्प्रिंग उलट्या बाजूने, आधीपेक्षा जास्त ताणलेली. पुढच्या तुकड्यात त्याहून मोठा धक्का. चार-पाच फेऱ्यांत केस छताला. उपाय म्हणून वेळेचे तुकडे हजारपट बारीक करता येतात, पण मग एका दृश्याचा हिशेब संपता संपत नाही.

यातून वाट काढली ती कापडावर काम करणाऱ्यांनी. 1998 साली डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विट्किन यांनी कापडाच्या हालचालीवर एक शोधनिबंध लिहिला, तो आमच्या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे. त्यातली गोम अशी: आत्ता बल किती आहे यावर पाऊल टाकू नका, पाऊल टाकून जिथे पोचाल तिथे जे बल असेल, त्याच्याशी जुळेल असंच पाऊल शोधा. म्हणजे दर तुकड्याला मोठं समीकरण सोडवावं लागतं, पण पाऊल पलीकडे पडत नाही. अंधारात जिना उतरताना आपण पुढची पायरी पायाने चाचपून मगच भार टाकतो, तसं.

एक केस जमला. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख असतात.

इथे वेणी मदतीला येते. तिपेडी वेणीत हजारो केस असतात, पण ते एका दोरासारखे एकत्र वागतात. मोकळ्या केसांतही शेजारचे केस बरंच सारखं वागतात. म्हणून सगळे केस हलवायचेच नाहीत. डोक्यावर ठरावीक अंतराने शंभर-दोनशे मार्गदर्शक केस लावायचे, आम्ही त्यांना गाइड म्हणतो. तेवढ्यांचाच हिशेब करायचा आणि मधले केस त्यांच्या चालीवरून भरून काढायचे. ‘मॉन्स्टर्स, इंक’ या पिक्सारच्या 2001 च्या चित्रपटातल्या सली या राक्षसाच्या अंगावर तेवीस लाख केस होते, ते याच वाटेने हलले. त्याआधी सहा वर्षं ‘टॉय स्टोरी’ करताना त्याच पिक्सारने नायक म्हणून खेळणी निवडली होती. प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचे केस हलवावे लागत नाहीत, हा त्या निवडीचा मोठा फायदा.

डिस्नेच्या ‘टँगल्ड’मध्ये, 2010 साली, रॅपुन्झेलचे केस सत्तर फूट. असे एक लाख केस खरंच असते तर माझ्या हिशेबाने त्यांचं वजन दहा किलोच्या पुढे गेलं असतं आणि मान वळवणंही कठीण झालं असतं. चित्रपटात ती त्या केसांना लोंबकळते, ते फेकते, त्यांनी माणसाला खुर्चीला बांधते. तिथे शे-दीडशे गाइड हलवले गेले, आणि गरज पडेल तिथे केस हलके केले गेले. केसांच्या या कामावर केली वॉर्ड यांची देखरेख होती. त्यांची डॉक्टरेटच केसांच्या हालचालीवरची.

मोकळे केस फार अवघड. तेल लावून चापूनचोपून घातलेली वेणी सोपी, शिकेकाईने न्हालेले भुरभुरे केस कठीण. कारण त्यांत केस केसाला घासतो. एक लाख केसांत जोड्या किती होतात? सुमारे पाचशे कोटी. प्रत्येक जोडी एकमेकींना टेकली का, हे दर फ्रेमला विचारत बसणं शक्यच नाही. आणि न विचारावं तर केस एकमेकांतून आरपार जातात, सगळा संभार चपटा होऊन डोक्याला चिकटतो. यावर 2001 मध्ये एक सुंदर कल्पना आली. सुनील हडप आणि नादिया मॅग्नेना-थालमान यांनी जिनिव्हात मांडलं, की केसांचा संभार हा वाहणारा पदार्थ माना. पाणी दाबलं तर बाजूला सरकतं, आकसत नाही; तसंच एका जागी केसांची दाटी वाढली की दाब वाढतो आणि केस पसरतात. मग एकेका जोडीला विचारायची गरजच उरत नाही. हडप हे आडनाव मराठी कानाला ओळखीचं, त्यामुळे विद्यार्थिदशेत तो निबंध हाती आला तेव्हा मी तो जरा जास्तच मन लावून वाचला हे कबूल करते. पण कल्पना खरोखर तेवढी चांगली आहे. आपण ‘केसांचा धबधबा’ म्हणतो, त्याचं हे गणित.

नंतर कुरळ्या केसांची पाळी आली. कुरळ्या बटेला नुसतं वाकणं पुरत नाही, तिला पीळ असतो. टेलिफोनची जुनी गुंडाळीची वायर आठवा: ओढली तर लांबते, सोडली तर झेप घेऊन मागे येते आणि मधेच स्वतःभोवती वळते. बारीक दांडीचा वाक आणि पीळ यांचा हिशेब किर्खहोफ यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवला होता. तो केसांसाठी वापरात आणायला 2006 साल उजाडलं, जेव्हा फ्लोरेन्स बर्ताय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस म्हणजे मळसूत्राच्या तुकड्यांची जोडमाळ अशी मांडणी केली.

2012 च्या ‘ब्रेव्ह’मधली मेरिडा, तांबड्या कुरळ्या केसांची. पिक्सारने तिच्यासाठी नवी प्रणाली लिहिली. सुमारे दीड हजार बटा हातांनी रचल्या, त्यांतून एक लाखाच्या वर केस तयार झाले. आणि मग एक अडचण आली. बट मऊ ठेवली तर मेरिडा पळताना तिचे केस स्वतःच्या वजनाने सरळ होऊन कमरेपर्यंत लोंबायचे, कुरळेपण जायचं. बट कडक केली तर ती तारेसारखी थरथरायची. तोड अशी काढली: प्रत्येक बटेच्या मधोमध एक मऊसर रेषा कल्पिली, आणि बट किती ताणायची याचा हिशेब त्या रेषेवर केला, वेटोळ्यांवर नाही. बट लहरत राहिली आणि वेटोळी टिकली. खऱ्या केसांत अशी रेषा नसते. शिल्पकाराने हवेला बाजूला ठेवलं होतं, इथे गुरुत्वाला थोडं बाजूला ठेवलं गेलं. प्रेक्षकाला मेरिडाचे केस खरे वाटले, कारण ते मेरिडाचे वाटले.

पण खरं भौतिकशास्त्रही कधीकधी असं काही दाखवतं की ते हाताने कुणाला सुचलंच नसतं. धावणाऱ्या मुलीचा शेपटा बघा. तिचं डोकं वर-खाली होतं, शेपटा मात्र डावी-उजवीकडे झुलतो. बाजूला ढकलणारं काहीच नाही, मग तो बाजूला का जातो? गणितज्ञ जोसेफ केलर यांनी 2010 मध्ये याचं उत्तर दिलं. झोका चढवताना आपण काय करतो ते आठवा: फळीवर उभं राहून एका झोक्यात दोनदा उठबस. उठबस उभी, पण वाढतो तो आडवा झोका. लोंबत्या शेपटाचंही तसंच. तो एकदा पूर्ण झुलतो तेवढ्यात डोकं दोनदा वर-खाली झालं, तर सरळ लोंबणं टिकत नाही. बारीकसा कल मोठा होत जातो. वीतभर लांबीच्या शेपटाला एका झोक्याला पाऊण-एक सेकंद लागतो, आणि धावताना तेवढ्यात दोन पावलं पडतात. बेत जमून येतो. या कामासाठी केलर यांना 2012 चं इग नोबेल मिळालं. शेपटाचा आकार असा का फुगतो हे शोधणारे गोल्डस्टीन, वॉरेन आणि बॉल हे तिघे त्याचे वाटेकरी होते.

हे वाचल्यावर मला आमच्या नाचाच्या वर्गातला एक रिवाज उमगला. बऱ्याच जणी वेणी कंबरपट्ट्याखाली अडकवतात. मला लहानपणी ती नुसती सजावटीची पद्धत वाटायची. कुदित्तमेट्टू या अडवूत, म्हणजे नाचाच्या एका मूळ पदन्यासात, चवड्यांवर उडी आणि टाचांवर उतरणं, पुन्हा पुन्हा, ठेक्यात, अंग वर-खाली. सुटी लांब वेणी अशा वेळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. मधे एका ठिकाणी बांधली की झुलणारा भाग आखूड होतो, त्याचा झोक्याचा काळही लहान होतो आणि ठेक्याशी असलेला मेळ मोडतो. आम्ही संगणकात नेमकं हेच करतो. केस फार बहकायला लागले की मधला एक ठिपका पाठीला बांधून टाकायचा.

प्रकाशाबद्दल थोडंच सांगते, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. हलणारा केस खरा दिसतो तो त्यावरची चमक खरी असेल तर. 2003 मध्ये स्टीव्ह मार्शनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका केसावर तीन प्रकारचा उजेड खेळतो: एक पृष्ठभागावरून परतणारा, एक केसाच्या आरपार जाणारा, आणि एक आत शिरून पलीकडच्या भिंतीवर आपटून रंग घेऊन बाहेर येणारा. केसाच्या सालीवरचे खवले दोन-तीन अंशांनी कललेले असतात, म्हणून पहिली आणि तिसरी चमक थोड्या वेगळ्या जागी पडतात. केस हलला की या दोन्ही चमका सरकतात, आणि आपल्या डोळ्याला हालचाल कळते ती बरीचशी त्या सरकण्यावरून.

तमिळनाडूत केस आणि संगणक यांची गाठ पडली ती ‘कोचडैयान’मध्ये. मे 2014 मध्ये आलेला हा रजनीकांतचा चित्रपट सौंदर्या रजनीकांत यांनी दिग्दर्शित केला. नटांची हालचाल टिपून त्यावर संगणकात घडवलेली माणसं बसवायची, असा हा पूर्ण लांबीचा प्रयोग होता. त्या नावाचा अर्थच केसांचा आहे: को म्हणजे राजा, सडै म्हणजे जटा. लांब केसांचा राजा. तमिळमध्ये जडै म्हणजे साधी वेणीसुद्धा. मराठीत त्याच मूळ शब्दाची जटा झाली आणि ती साधू-बैराग्यांच्या वाट्याला गेली. अशा चित्रीकरणात नटाच्या अंगावर सांध्यासांध्याला खुणा लावतात आणि कॅमेरे त्या टिपतात. कोपर मिळतं, गुडघा मिळतो, मानेचा प्रत्येक झटका मिळतो. केस मिळत नाहीत. ते मागून, त्या मानेच्या झटक्यावरून, शून्यापासून घडवावे लागतात. म्हणजे नट निघून गेल्यावर कुणीतरी खोलीत बसून त्याच्या वेणीला सांगत असतो की तू आता वळ, जरा थांबून.

हे काम नीट जमलं की नाही हे बघायची आमची एक रीत आहे. पात्राचं अंग पडद्यावरून लपवायचं, चेहरा, हात, कपडे, सगळं. फक्त केस चालवायचे. काळ्या पडद्यावर केसांचा तेवढा झुपका इकडून तिकडे जातो, थबकतो, मागून येऊन स्थिरावतो. न पाहिलेल्या माणसाला विचारायचं, काय झालं? तो म्हणाला की मुलगी दचकून वळली, मग हसली, तर दृश्य पुढे जातं. तो गप्प राहिला तर केस पुन्हा करायचे.

तंजावरच्या दालनात निघायच्या आधी मी तेच करून बघितलं. थोडी मागे सरकले, एक डोळा मिटला आणि हात लांब करून तळव्याने नटराजाचं अंग झाकलं. उचललेला पाय गेला, डमरू गेला, चेहरा गेला. बोटांच्या दोन्ही बाजूंना जटा तेवढ्या उरल्या होत्या. दाराशी बसलेल्या रखवालदार आजोबांनी काय चाललंय म्हणून बघितलं, तेही उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनीही आपला हात पुढे धरला.